रोजचा केर, आठवड्याचं यंत्र

आपल्या घरांत केर रोज काढतात. बऱ्याच घरांत दोनदा, सकाळी एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा. हलका, उभा व्हॅक्युम क्लीनर घ्यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी आधी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, मग वजन, मग किंमत. कारण ही यंत्रं ज्या देशांत वाढली आणि ज्यांच्या नियमांनी त्यांचं टिकाऊपण मोजलं, तिथे घर साधारण आठवड्यातून एकदा झाडलं जातं. युरोपीय संघाने व्हॅक्युम क्लीनरसाठी ऊर्जेचं लेबल आणलं, तेव्हा वर्षभराच्या विजेचा हिशेब करताना घर ८७ चौरस मीटरचं आणि सफाई वर्षातून ५० वेळा असं धरलं होतं. ८७ चौरस मीटर म्हणजे साडेनऊशे चौरस फुटांच्या जवळपास, आपल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढं. घराचा आकार जुळतो. त्या पन्नास सफाया मात्र आपल्याकडे दोन महिन्यांच्या आत होऊन जातात.

टिकाऊपणाचा नियमही त्याच सुमाराचा. १ सप्टेंबर २०१७ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या व्हॅक्युम क्लीनरची मोटर किमान ५०० तास चाललीच पाहिजे, आणि लवचीक नळी ४०,००० वेळा वाकवल्यावरही वापरण्याजोगी राहिली पाहिजे, असं बंधन आलं. आठवड्याला एक तास धरला तर ५०० तास म्हणजे साडेनऊ वर्षं. रोज अर्धा तास धरला तर हजार दिवस, म्हणजे तीन वर्षांनाही कमी. तेच यंत्र, तीच मोटर. एका घरात ते मूल शाळेत जाऊन मोठं होईपर्यंत टिकेल, दुसऱ्या घरात त्याच्या बालवाडीतच दम तोडेल. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बॅटरीवर चालणारी यंत्रं या नियमातून वगळलेली होती. आज आपल्याकडे जाहिरातींतून ज्यांचा सर्वाधिक मारा होतो, नेमक्या त्या बिनवायरच्या काठ्यांना हे ५०० तासांचं बंधन लागूच नव्हतं.

आता वजनाकडे येते. खोक्यावर वजन ठळक छापलेलं असतं: अडीच किलो, तीन, साडेतीन. हे वजन यंत्राच्या कुठल्या टोकाला आहे ते मात्र छापत नाहीत. उभ्या यंत्रांच्या दोन जाती आहेत. एकीत मोटर खाली, जमिनीलगत असते आणि वर दांडा व पिशवी. अमेरिकेतला ‘अपराइट’ तो हा. दुसरीत मोटर, बॅटरी आणि धुळीचा डबा हे सगळं मुठीपाशी, आणि खाली फक्त नळी व ब्रश. ही ‘स्टिक’. पहिल्यातलं वजन जमीन पेलते, दुसऱ्यातलं आपला हात. म्हणून चार किलोचा अपराइट ढकलायला अडीच किलोच्या काठीपेक्षा सोपा जाऊ शकतो. मात्र पंख्यावरची धूळ किंवा छताची जळमटं काढायची तर अपराइटचा उपयोग शून्य. तिथे काठीच हवी. पलंगाखालीही काठी सपाट आडवी होऊन आत जाते, अपराइटचा जाड तळ बाहेरच अडतो. काही काठ्यांमध्ये यंत्र चालू ठेवायला खटका सतत बोटाने दाबून धरावा लागतो. हे दुकानात दोन मिनिटांत जाणवत नाही. ज्यांच्या बोटांचे सांधे दुखतात त्यांनी दुकानात दहा मिनिटं तो खटका धरून उभं राहावं आणि मगच पैसे मोजावेत.

आमच्या मजल्यावरच्या काकू लेकीकडे न्यू जर्सीला राहून आल्या आणि मला म्हणाल्या, “अगं, तिथलं ते दांड्याचं यंत्र नुसतं ढकललं की आपलं आपण पुढे पळतं. तसलंच मला इथे हवंय.” काकूंचा अनुभव अगदी खरा होता. तिथल्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो, आणि अपराइटच्या तळाशी फिरणाऱ्या ब्रशचे केस गालिच्यात रुतून यंत्राला पुढे ओढतात. टाइल्सवर ती ओढ मिळत नाही. उलट कडक केसांचा ब्रश गव्हाचा दाणा, मुरमुरा, मातीचा खडा समोर उडवून देतो. त्यात तिथलं यंत्र १२० व्होल्टचं. इथल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातलं तर मोटर जळणारच. परदेशातून येताना यंत्र बांधून आणू पाहणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अपराइट गालिच्यासाठीच जन्मला आणि त्याच्या जन्माशी एका दमेकऱ्याचा संबंध आहे, म्हणून मला त्याची गोष्ट जवळची वाटते. जेम्स मरे स्पँगलर हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका मोठ्या दुकानात सफाई कामगार होते. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्यांचा दमा उसळायचा. त्यांनी पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढून घेणारं यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. ते हक्क चामड्याच्या सामानाचे कारखानदार विल्यम हूव्हर यांनी घेतले आणि त्याच वर्षी पहिलं हूव्हर यंत्र बाजारात आलं. वजन सुमारे ४० पौंड, म्हणजे १८ किलो. ज्या माणसाच्या श्वासासाठी ते बनलं, त्याच्या पाठीचा विचार त्यात अजून आलेला नव्हता.

तो विचार पुढे डेव्हिड ओरेक यांनी केला. १९६३ मध्ये त्यांनी न्यू ऑर्लीन्समध्ये कंपनी सुरू केली आणि ८ पौंडांचा, म्हणजे साधारण ३.६ किलोचा अपराइट विकायला काढला. इतकं हलकं यंत्र साफ काय करणार, असं दुकानदारांना वाटलं. ओरेक हॉटेलांकडे गेले. तिथे एकेक बाई दिवसभर खोलीमागून खोली साफ करत असते. जड यंत्र एका खोलीतून दुसरीत उचलून नेताना तिची कंबर मोडते. हॉटेलांनी यंत्र घेतलं, ते तिथल्या रोजच्या, तासन्‌तास चालणाऱ्या कामात टिकलं, आणि त्या नावावर मग घरोघरी गेलं. हलकं म्हणजे नाजूक, हा समज या उदाहरणाने खोटा ठरवला. टिकण्याचं कारण त्याच्या साधेपणात होतं. कचरा थेट पंख्यातून वर पिशवीत जायचा. मधे लांब नळ्या नाहीत, चक्री डबे नाहीत. झिजणारी वस्तू मुख्यतः रबरी बेल्ट आणि ब्रश, दोन्ही स्वस्त आणि बदलता येण्याजोगे. या रचनेची खोटही सांगायला हवी: सेफ्टी पिन किंवा नाणं आत गेलं तर ते सरळ पंख्याच्या पात्यावर आदळतं. कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि दुसऱ्या उद्योगसमूहाने ती विकत घेतली. पण हॉटेलातल्या बाईच्या कंबरेपासून सुरू होणारा तो विचार मला आजही सगळ्यात शहाणा वाटतो.

भारतात अपराइट फारसा आलाच नाही. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि तिचे विक्रेते घरोघरी प्रात्यक्षिकं दाखवू लागले, तेव्हा आला तो जमिनीवर ओढत न्यायचा, लांब नळीचा क्लीनर. आपल्या शहाबादी, मोझेक आणि पुढे टाइल्सच्या फरश्यांना तो योग्यच होता. तरी कितीतरी घरांत तो माळ्यावर गेला, कारण खोक्यातून काढायचा, नळ्या जोडायच्या, वायर पसरायची आणि मग परत सगळं आवरायचं, हे रोजच्या केरासाठी कोण करणार? दिवाळीच्या साफसफाईला तो खाली यायचा. भिंतीला टांगलेली काठी ही अडचण खरोखर दूर करते. काढली आणि चालू केली. रोजचा केर काढायला हात तिच्याकडे जातो, हा तिचा फार मोठा गुण आहे, आणि तो मी कमी लेखणार नाही.

आता ती साफ किती करते ते बघू. जाहिरातीत किलोपास्कलचे आकडे असतात: वीस, पंचवीस, त्याहून जास्त. हा ओढीचा दाब यंत्राचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात. तोंड बंद असताना हवा वाहतच नाही, आणि हवा वाहिली नाही तर धूळही हलत नाही. काम होतं ते दाब आणि वाहती हवा यांच्या गुणाकाराने. सेकंदाला १५ लिटर हवा १० किलोपास्कल दाबाने ओढली जात असेल तर हवेला मिळालेली ताकद १५० वॅट. याला ‘एअर वॅट’ म्हणतात. मोटर किती वीज खाते ते वॅट वेगळे. नुसता किलोपास्कलचा किंवा नुसता मोटरच्या वॅटचा आकडा पाहून दोन यंत्रांची तुलना होत नाही. शिवाय डबा भरत गेला आणि फिल्टर बुजला की हवा कमी होते, ती किती कमी होते हे खोक्यावर कधीच नसतं. युरोपात यावरच खटला झाला. लेबलसाठीची चाचणी रिकाम्या डब्याने आणि रिकाम्या पिशवीने घेतात, प्रत्यक्ष वापरात ते भरत जातात, या मुद्द्यावर डायसन कंपनी न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने लेबलचा नियमच रद्द केला. कंपनीचा त्यात स्वार्थ होता हे उघड आहे, पण मुद्दा बरोबर होता.

म्हणून मी आकड्यांपेक्षा फरशीवर विश्वास ठेवते. दुकानात जाताना पुडीत थोडा रवा, थोडी रांगोळी आणि चार-पाच मुरमुरे न्यावेत. रवा टाइल्सच्या सांध्यात, रांगोळी भिंतीच्या कडेला, मुरमुरे मोकळ्या जागी. एकदा पुढे, एकदा मागे. मुरमुरे पुढे ढकलले जातात का, सांध्यात रव्याची रेघ उरते का, भिंतीलगत बोटभर पट्टा तसाच राहतो का, हे पाच मिनिटांत कळतं. आपल्या फरश्यांना मऊ कापडी रूळ असलेला ब्रश लागतो. कडक केसांचा ब्रश सतरंजी आणि गाद्यांसाठी वेगळा ठेवावा. चांगल्या दुकानदाराची अशा चाचणीला ना नसते.

बॅटरीचा हिशेब घरच्या घरी करता येतो आणि तो प्रत्येकाने करावा. समजा काठीची बॅटरी २५ व्होल्ट आणि २.५ अँपिअर-तास अशी आहे. गुणाकार ६२.५ वॅट-तास. यंत्र पूर्ण जोरावर ५०० वॅट खात असेल तर ही साठवण साडेसात मिनिटांत संपते. जाहिरातीतला तासभर मिळवायचा तर मोटरने जेमतेम ६० वॅटवर चालायला हवं. म्हणजे ‘६० मिनिटं’ आणि ‘जबरदस्त ओढ’ ही दोन्ही वाक्यं एकाच खोक्यावर असली, तरी ती एकाच वेळी खरी नसतात. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर आपल्या क्षमतेचा पाचवा हिस्सा गमावते, उष्णतेत लवकर. आठवड्याला एकदा पूर्ण चार्ज करणाऱ्या घरात हे व्हायला कित्येक वर्षं लागतील. रोज पूर्ण बॅटरी संपवणाऱ्या घरात वर्ष-दीड वर्षात होईल. रोजच्या केरासाठी सर्वांत हलकी गती वापरली आणि एक तृतीयांश बॅटरीत काम भागलं, तर आवर्तनंही तेवढीच कमी होतात आणि बॅटरी तिप्पट दिवस पुरते. विदर्भात मे महिन्यात तापलेल्या गॅलरीत चार्जर लावू नये, हेही त्यातच आलं.

कामगिरी आणि टिकाऊपण या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, याचा सार्वजनिक दाखला अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी डायसनच्या काठ्यांची शिफारस मागे घेतली. प्रयोगशाळेतल्या सफाईच्या चाचण्यांत ही यंत्रं उत्तम होती. पण सभासदांच्या पाहणीत काही वर्षांत बॅटरी, ओढ आणि ब्रश यांच्या तक्रारी दिसल्या, म्हणून शिफारस काढली. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च २०१८ मध्ये, डायसनने वायरच्या क्लीनरवर नवं संशोधन थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. मला हा निर्णय घाईचा वाटला आणि अजून वाटतो. वायरच्या हलक्या काठीत बॅटरीचं वजन नाही, बॅटरीचं म्हातारपण नाही, आणि ओढ पहिल्या मिनिटाला असते तीच विसाव्या मिनिटाला राहते. एक-दोन खोल्यांच्या घरात वायर किती आड येते? एका मध्यावरच्या प्लगवरून सगळं घर होतं.

आपल्या घरांत यंत्र मारणारे शत्रू कोणते, ते परदेशी पुस्तिकेत सापडत नाहीत. रांगोळी हा पहिला. ती दगडाची भुकटी आहे. इतकी बारीक की डब्यात न थांबता सरळ फिल्टरमध्ये जाऊन बसते. भिंतीला खिळा किंवा ड्रिल मारल्यावर पडणारा चुना-सिमेंट त्याहून वाईट. हे दोन्ही आधी सुपलीत भरून घ्यावं आणि उरलेलंच यंत्राने ओढावं. लांब केस हा दुसरा. ते रुळाच्या दोन्ही टोकांना गुंडाळले जाऊन बेअरिंगमध्ये शिरतात. दर आठवड्याला रूळ बाहेर काढून कात्रीने कापले नाहीत तर रूळ जाम होतो, त्याची छोटी मोटर तापते आणि दोष मात्र यंत्राला लागतो. आणि तिसरा आपला पाऊस. फिल्टर धुऊन २४ तास वाळवा असं लिहिलेलं असतं. जुलैत रत्नागिरीला किंवा मुंबईत २४ तासांत काय वाळतं? ओला फिल्टर बसवला की कुबट वास सुटतो, धुळीचा चिखल होऊन हवा अडते, आणि ओल मोटरपर्यंत जाते. यंत्र घेतानाच दुसरा फिल्टर घ्यावा. एक चालू, एक वाळत. ज्या यंत्राचा सुटा फिल्टर विकत मिळत नाही ते यंत्र, कितीही हलकं असलं तरी, कोकणातल्या घरात आणू नये.

घरात दम्याचं माणूस असेल तर फिल्टरचं महत्त्व आणखी. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण यंत्राचं अंगच फटीफटीतून गळत असेल तर धूळ फिल्टरला वळसा घालून बाहेर येते. चालू यंत्राच्या मागे, सांध्यांपाशी काळं कापड धरून बघावं. डबा झटकतानाही सगळी धूळ पुन्हा नाकातोंडात जाते. दमेकऱ्याच्या घरात पिशवीचं यंत्र मला म्हणून जास्त पसंत. पिशव्यांचा खर्च होतो, तो औषधांच्या खर्चाशेजारी ठेवून पाहावा.

दुरुस्तीचं चित्र विचित्र आहे. वायरच्या साध्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात. ते झिजतात, आणि पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईची लोहार चाळ पालथी घातली तर बहुधा त्या मापाचे मिळून जातात. गल्लीतला मोटर वायंडिंगवाला ते बसवून देतो. बिनवायरच्या बऱ्याच काठ्यांत ब्रश नसलेली मोटर असते. ती स्वतः जास्त टिकते, पण तिला चालवणारा सर्किट बोर्ड गेला की त्याच माणसाचे हात बांधले जातात. कंपनीकडून पूर्ण वरचा भागच बदलून घ्यावा लागतो, आणि मॉडेल बंद झालं असेल तर तोही नाही. माझ्या एका नातेवाइकांची काठी अशीच उत्तम स्थितीत पडून आहे. मोटर चालू, अंगावर ओरखडा नाही, फक्त बॅटरी मिळत नाही.

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून घरगुती उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे असा नियम लागू होतो आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहनं ही त्यातली क्षेत्रं. पोर्टलवर माहिती देणं एक गोष्ट, खोक्यावर छापणं दुसरी. माझी मागणी सरळ आहे: प्रत्येक बिनवायरच्या क्लीनरच्या खोक्यावर बदली बॅटरीची किंमत आणि ती किती वर्षं मिळत राहील हे वजनाइतक्याच ठळक अक्षरांत छापलं पाहिजे. तोवर ग्राहकाने बिलाच्या मागे ते लिहून मागावं. विक्रेता लिहून देत नसेल तर उत्तर मिळालंच.

खरेदीला जाताना आणखी एका व्यक्तीला सोबत न्यावं. शहरांतल्या असंख्य घरांत यंत्र निवडतं एक आणि चालवतं दुसरंच: घरकामाला येणाऱ्या मावशी. त्या सकाळपासून चार घरं करून आलेल्या असतात. यंत्राची मूठ त्यांच्या हातात बसते का, दांडा त्यांच्या उंचीला पुरतो की त्यांना वाकवतो, डबा एका हाताने उघडतो का, हे त्यांनाच विचारायला हवं. मालकिणीच्या पसंतीचं यंत्र कोपऱ्यात आणि मावशींच्या हातात झाडू, असं पुष्कळ घरांत दिसतं. त्यात मावशींचा हट्ट नसतो, त्यांच्या मनगटाने दिलेला निकाल असतो.

काकूंना मी शेवटी वायरची, पण अपराइटसारखी मोटर खाली असलेली, ढकलता येणारी हलकी काठी सुचवली. मऊ रुळाचा ब्रश, पिशवी, दोन फिल्टर. त्यांच्या लेकीला ती जुनाट वाटली. काकू आणि त्यांच्याकडच्या मावशी, दोघींनी दुकानात ती चालवून पाहिली आणि घेतली. तुमच्या गावात व्हॅक्युम क्लीनर मन लावून दुरुस्त करणारा कारागीर असेल, विशेषतः बॅटरीचे सेल बदलून देणारा, तर त्याच्या संमतीने त्याच्या दुकानाचं नाव या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा.